उटीची दोनशे वर्षे आणि निलगिरीचे मूळ रहिवासी

सह्यकडा (धागाकर्ता)

तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये ‘उटी २००’ या नावाने उदगमंडलमच्या द्विशताब्दीचा सोहळा साजरा केला आणि त्या निमित्ताने शहरात जॉन सलिव्हनचा पुतळाही बसवला. सलिव्हन हा कंपनी सरकारचा कोईमतूरचा कलेक्टर होता. १८१९ मध्ये तो घाट चढून निलगिरीच्या पठारावर आला, कोटागिरीजवळ त्याने बंगला बांधला आणि १८२२ मध्ये आजच्या उटीत ‘स्टोन हाउस’ या दगडी घराचे काम सुरू केले. शहराचे वय मोजले जाते ते या घरापासून. सोहळ्याबद्दल माझी तक्रार नाही, पण ही मोजणी मला खटकते, कारण तिच्यामुळे आपल्याकडून तिथे जाणाऱ्या पर्यटकाची अशी समजूत होते की साहेब येण्यापूर्वी हा डोंगर ओसाड होता.

तो ओसाड नव्हता, याचे लेखी पुरावे बरेच जुने आहेत. होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती पुणिस याने निलगिरीवरच्या तोडा या पशुपालक जमातीला धाक बसवल्याचा उल्लेख १११७ च्या शिलालेखात आहे, म्हणजे देवगिरीच्या यादवांचे राज्य उभे राहण्याच्याही आधी या लोकांचे नाव दगडावर कोरले गेले होते. पुढे १६०३ मध्ये फेनिचिओ नावाचा जेझुइट पाद्री मलबारकडून डोंगर चढून वर आला. हरवलेले ख्रिस्ती लोक तिथे राहतात असे त्याने ऐकले होते. त्याला भेटले ते म्हशी राखणारे तोडा, आणि त्यांच्याविषयीचा पहिला प्रत्यक्ष वृत्तान्त त्याने लिहून ठेवला. स्टोन हाउसच्या आधी दोन शतके, हे लक्षात घ्यावे.

पठारावर त्या काळी जी व्यवस्था होती ती मला फार विचार करण्याजोगी वाटते. तोडा म्हशी पाळत आणि दूध-तूप देत. कोटा हे लोहार, सुतार आणि वादक होते, त्यांच्या बायका मडकी घडवत. कुरुंबा उतारावरच्या जंगलात राहत आणि मध, वेत, औषधी मुळ्या आणत. त्यांच्या मंत्रतंत्राची बाकीच्यांना धास्तीही वाटे. इरुला आणखी खाली, पायथ्याकडे राहत. म्हैसूरच्या बाजूने आलेले बडगा शेती करत आणि पिकातला ठरलेला वाटा तोडांना देत. कोणाला कोणाकडून काय मिळायचे हे घराण्या-घराण्यांत ठरलेले असे आणि ते पिढ्यानपिढ्या चाले. आपल्याकडच्या बलुतेदारीची आठवण होणे साहजिक आहे, परंतु इथे एका गावातले बलुतेदार नसून वेगवेगळी भाषा बोलणारे आणि वेगवेगळ्या उंचीवर राहणारे समाज होते, आणि त्यांच्या वर कोणी पाटील नव्हता.

सलिव्हनने तोडांकडून एकरी एक रुपया दराने जमीन घेतली. त्याच्या बाजूने एवढे सांगायला हवे की ही जमीन तोडांच्या मालकीची आहे आणि ती घ्यायची तर त्यांना मोबदला दिलाच पाहिजे, ही भूमिका त्याने मद्रास सरकारपुढे आग्रहाने मांडली. सरकारला ती मानवली नाही. तोडांना फक्त चराईचा हक्क आहे, मालकी नाही, असा सरकारचा कल राहिला, आणि पुढचे जवळजवळ सगळे या एका फरकातून घडत गेले. तळे बांधले गेले, १८४८ मध्ये वनस्पती उद्यानाला सुरुवात झाली, चहा आणि सिंकोनाचे (ज्याच्या सालीपासून क्विनाइन काढतात ते झाड) मळे आले, १८७० च्या सुमारास उटी मद्रास इलाख्याची उन्हाळी राजधानी झाली आणि १९०८ मध्ये तिथवर रेल्वे पोहोचली. या प्रत्येक गोष्टीसाठी जे माळरान लागले ते कागदोपत्री ‘पडीक’ म्हणून नोंदले गेले होते.

निलगिरीच्या आदिवासींचा इतिहास आणि वारसा यांवर इथे चर्चा व्हावी, विशेषतः ज्यांनी त्या भागात काम केले आहे किंवा वास्तव्य केले आहे त्यांनी लिहावे, यासाठी हा धागा काढत आहे.

गवतकाडी

‘पडीक’ या शब्दापाशीच थांबून थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा विषय गवत आहे.

निलगिरीच्या वरच्या पठारावरचे मूळ निसर्गचित्र म्हणजे लांबच लांब गवताळ टेकड्या आणि त्यांच्या घळींत, ओढ्यांच्या कडेने दाटलेली बुटक्या झाडांची शोला जंगले. उघड्या टेकड्या पाहून इंग्रज अधिकाऱ्यांना वाटले की इथली झाडे कोणी तरी तोडून टाकली असावीत किंवा जमीन वाया चालली आहे. प्रत्यक्षात ही गवताळ कुरणे हजारो वर्षांपासून तशीच आहेत. झाडे घळीत आणि गवत टेकडीवर, या रचनेमागे दंव, वारा आणि मातीची खोली ही कारणे आहेत. पावसाळ्यात हे गवत आणि त्याखालची दलदल स्पंजासारखी पाणी धरून ठेवतात आणि ते वर्षभर झिरपत राहते. भवानी आणि मोयार या नद्या इथूनच निघतात.

तोडांचा सगळा धर्म या गवतावर उभा आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्यांची मंदिरे म्हणजे दुग्धशाळाच. ठरावीक म्हशींचे दूध तिथे पुजाऱ्याने काढायचे आणि घुसळायचे, तीच उपासना. मंदिरांच्या दर्जाप्रमाणे म्हशींचेही दर्जे आहेत आणि पुजाऱ्यावरची बंधनेही त्या दर्जाप्रमाणे कडक होत जातात. म्हशींना मीठ देण्याचा विधी आहे. मंदिराच्या छपरासाठी दलदलीच्या काठचे विशिष्ट गवत लागते. विशेष असे की हे पशुपालक लोक परंपरेने मांस खात नाहीत.

आता याच जागेवर काय झाले ते पाहा. निलगिरीचे झाड म्हणून आपण ज्याला ओळखतो ते युकॅलिप्टस मूळचे ऑस्ट्रेलियाचे. या डोंगरावर ते १८४३ मध्ये आणले गेले. तिकडचेच वॉटल, म्हणजे बाभळीच्या कुळातले झाड, हेही आले. इंग्रज गेल्यावर हे थांबले असेल असे कोणाला वाटेल, पण गवताळ टेकड्यांवर सर्वांत मोठी लागवड स्वातंत्र्यानंतर वन खात्याने केली. लाकडाचा लगदा आणि कातडी कमावण्यासाठी लागणारी साल यांसाठी ही झाडे हवी होती. १९३२ मध्ये पायकारा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला आणि नंतर कॅनडाच्या मदतीने कुंदा प्रकल्पाची धरणे झाली, त्यांतही तोडांची कुरणे पाण्याखाली गेली. वॉटल आता लावावे लागत नाही, ते आपले आपण पसरते. कुरणे आक्रसली तशा म्हशी घटल्या, आणि म्हशी घटल्यावर दुग्धमंदिरात पुजारी कशासाठी बसवायचा, असा प्रश्न उभा राहतो. कित्येक मंदिरे अशीच बंद पडली.

आपल्या वाचकांसाठी एक जवळचा धागा असा की २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाची जी ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्या एकाच यादीत निलगिरीतले मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान आहे आणि आपले कास पठार, कोयना, चांदोली, राधानगरीही आहेत. मुकुर्तीचे शिखर तोडांच्या दृष्टीने परलोकाच्या वाटेवरचे ठिकाण आहे. मात्र वारसा यादीत त्याची नोंद झाली ती निसर्गाच्या निकषांवर. निलगिरी ताहर ही डोंगरी बकरी त्यात बसली, तोडांचा परलोक बसला नाही.

जुना_पुणेकर

धागा चांगला आहे, पण दोन्ही प्रतिसादांत मला थोडी भाबडी हळहळ दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट अशी की जुनी व्यवस्था गोडीगुलाबीची होती असे मानण्याचे कारण नाही. तोडांमध्ये स्त्री-अर्भकहत्या होत असे आणि अनेक भावांनी मिळून एक बायको करण्याची चाल होती, याची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या जवळपास प्रत्येक निरीक्षकाने केली आहे. कुरुंबांना चेटकी ठरवून त्यांच्या कत्तली झालेल्या आहेत, आणि त्या इंग्रजांनी केलेल्या नाहीत. कोटांना तर शेजारी हलकेच लेखत.

दुसरी गोष्ट ‘मूळ रहिवासी’ या कल्पनेची. बडगा विजयनगरच्या पाडावानंतर वर आले असे मानले तरी ते सलिव्हनच्या आधी दोन-अडीचशे वर्षे तिथे होते. ते आज संख्येने मोठे आहेत, चहाचे छोटे मळे प्रामुख्याने त्यांचे आहेत, आणि तरी त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश नाही. ती मागणी ते अनेक वर्षे करत आहेत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ करारानंतर श्रीलंकेतून परत पाठवलेले तमिळ मळेकामगार निलगिरीत वसवले गेले. त्यांच्या पिढ्या तिथे जन्मल्या. डोंगर कोणाचा, याचे उत्तर शिलालेखाच्या तारखेवरून द्यायचे म्हटले तर या सगळ्यांचे काय करायचे?

सह्यकडा (धागाकर्ता)

जुना_पुणेकर, आपले मुद्दे रास्त आहेत आणि मी व्यवस्था आदर्श होती असे म्हटलेले नाही. कोणी कोणाला हलके लेखत होते, हे खरेच आहे. तरीही एक भेद नजरेआड होऊ देऊ नये. बडगा वर आले तेव्हा त्यांनी तोडांचा अग्रमान मान्य केला आणि धान्याच्या वाट्यातून तो दर हंगामाला व्यक्त केला. नंतर आलेल्याने आधीच्याशी नाते जोडण्याची एक रीत तिथे होती. कंपनी सरकारने ती रीत मोडून जमिनीचा मालक आपण, असे ठरवले. शिलालेखाची तारीख मी दिली ती कोणाला डोंगरावरून खाली उतरवण्यासाठी नव्हे, तर ‘दोनशे वर्षे’ हा आकडा अपुरा आहे हे दाखवण्यासाठी.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर तमिळनाडूतल्या, सरकारी यादीत विशेष दुर्बल मानलेल्या सहाही आदिम जमाती, म्हणजे तोडा, कोटा, कुरुंबा, इरुला, पणिया आणि काट्टुनायकन, निलगिरी जिल्ह्यात आहेत. एका लहानशा जिल्ह्यात सहा, हे देशात विरळच म्हणावे लागेल. महाराष्ट्रात या वर्गात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. अशा जमातींच्या वसतिस्थानाचा सामूहिक हक्क २००६ च्या वन हक्क कायद्यात स्वतंत्रपणे मान्य केलेला आहे. चराई, देवस्थाने, पाणवठे, मृतांच्या वाटा असे सगळे ज्यात येते त्या ‘वसतिस्थाना’ची व्याख्या तोडांइतकी चपखल क्वचितच कोणाला लागू पडत असेल.

पदरकाठ

मी वस्त्रकलेची अभ्यासक आहे, त्यामुळे एवढ्या मोठ्या विषयातली एकच गोष्ट जवळून सांगते.

तोडा स्त्रिया ज्या शालीवर भरतकाम करतात ती अंगभर लपेटायची जाड, पांढरी सुती शाल असते. तिला पुतकुळी म्हणतात. काम मुख्यतः लाल आणि काळ्या धाग्यांनी होते. कापड लाकडी चौकटीत ताणलेले नसते आणि त्यावर आधी नक्षी रेखाटलेली नसते. बाई कापडातले आडवे-उभे धागे बोटांनी मोजत सुई घालते आणि प्रत्येक टाका घेताना धाग्याचा बारीकसा फुगवटा मुद्दाम सोडते. त्यामुळे पूर्ण झालेले काम हाताला उठावदार लागते आणि दुरून पाहणाऱ्याला ते मागावर विणल्यासारखे वाटते. शाल दोन्ही बाजूंनी वापरता येते. जुन्या इंग्रजी वर्णनांत हे काम विणकाम समजल्याच्या नोंदी आहेत, यात नवल नाही. नक्षीत म्हशीची शिंगे, डोंगर, फुले यांचे भौमितिक आकार असतात. मृताला याच शालीत गुंडाळून निरोप देतात, म्हणून घरात एक चांगली शाल राखून ठेवलेली असते.

२०१३ मध्ये तोडा भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नाव सुरक्षित झाले, परंतु यंत्रावर केलेली लाल-काळी नक्षी उटीच्या बाजारात ‘तोडा शाल’ म्हणून सर्रास विकली जाते. ओळखण्याची सोपी खूण अशी की यंत्राच्या कामाची उलटी बाजू धाग्यांच्या गाठींनी आणि पट्टीने झाकलेली असते, तर हातकामाची उलटी बाजू तितकीच नीटस असते. हातचे काम एका शालीला कित्येक आठवडे घेते. तेव्हा काही शे रुपयांत मिळणारी शाल हाताची असणे शक्य नाही, एवढा हिशेब ग्राहकालाही जमावा.

भवानीकाठ

आम्ही मराठी कुटुंब, पण कोईमतूरला दोन पिढ्यांपासून राहतो, त्यामुळे उटी हा आमच्यासाठी नेहमीचा रस्ता आहे. पाहुणे आले की त्यांना वर न्यावे लागतेच, आणि मग तोडांची वस्ती दाखवा असा आग्रह होतो. त्याविषयी मला जरा स्पष्ट लिहायचे आहे.

तोडांच्या वस्तीला मुंद म्हणतात. वनस्पती उद्यानाच्या वरच्या अंगाला एक मुंद आहे आणि उद्यानात आलेला पर्यटक सहज तिथे पोहोचतो. खरे तर मुंद आधीचा आणि उद्यान नंतरचे, पण आता मुंदच उद्यानातल्या प्रेक्षणीय वस्तूंपैकी एक झाल्यासारखा वाटतो. अर्ध्या पिंपासारखे वाकवलेले बांबू-वेताचे, गवताने शाकारलेले घर तिथे दिसते. त्याचे दार जेमतेम तीन फूट उंचीचे असते, आत रांगतच जावे लागते. थंडी, वारा आणि जनावरे बाहेर राहावीत यासाठी ते तसे असते. बहुतेक तोडा कुटुंबे आज विटा-सिमेंटच्या साध्या घरांत राहतात, बटाटा आणि गाजराची शेती करतात, मुले शिकून नोकरीला लागतात. हे सांगितले की काही पाहुण्यांचा हिरमोड होतो. जणू त्यांच्या सहलीसाठी कोणी तरी रांगतच घरात शिरत राहावे!

मंदिरांचे नियम मात्र आजही पाळले जातात. शहराजवळच्या मुत्तनाडू मुंदाचे उंच शंकूसारखे मंदिर दुरून पाहता येते, कारण भोवतीच्या दगडी गडग्याच्या आत पुजाऱ्याशिवाय कोणी जात नाही. बायकांना तर आणखी लांब थांबावे लागते, मग त्या तोडा असोत की पाहुण्या. मला स्वतःला हा नियम आवडत नाही, परंतु तो बदलायचा की नाही हे तोडा बायकांनी ठरवायचे आहे, कॅमेरा घेऊन आलेल्या मी नव्हे. गडग्यावर चढून छायाचित्र काढणारे लोक मी पाहिले आहेत.

गर्दीविषयी: मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मे २०२४ पासून उटीला वाहनाने येणाऱ्या बाहेरच्या प्रवाशांना ई-पास घ्यावा लागतो. डोंगर किती माणसे आणि किती गाड्या झेलू शकतो, हा विचार त्यामागे आहे.

ज्यांना खरोखर इतिहास पाहायचा आहे त्यांनी कोटागिरीजवळ कण्णेरिमुक्कू येथे सलिव्हनचा बंगला पाहावा. तो दुरुस्त करून तिथे संग्रहालय केले आहे. बंगला साहेबाचा असला तरी तिथे निलगिरीच्या सर्व समाजांविषयी माहिती मिळते. उटीजवळ एम. पालडा येथे राज्य सरकारचे आदिवासी संशोधन केंद्र आणि त्याचे संग्रहालय आहे, तिथे तर पर्यटक फारसे फिरकतच नाहीत.

वाईकर_मास्तर

महाबळेश्वरशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. तिथे १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन वाई भागातल्या खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरचा भाग इंग्रजांकडे गेला आणि गव्हर्नर माल्कमच्या नावाने पेठ वसली. सौदा दोन सत्तांमध्ये झाला. डोंगरावरच्या कोळी, धनगर, कुणबी आणि लोखंड गाळणाऱ्या धावडांना कोणी विचारले नाही. पुढे जंगल राखीव झाल्यावर धावडांना भट्टीसाठी कोळसा मिळेना आणि त्यांचा धंदा बसला. निलगिरीत निदान रुपयाच्या भावाने का होईना, व्यवहार तोडांशी झाला आणि त्यांच्या मालकीचा वाद सरकारी कागदांत उरला. आपल्याकडे तेवढाही कागद नाही. महाबळेश्वरच्या पॉइंटांची नावे वाचत गेले तर एल्फिन्स्टन, बॉम्बे, केट, विल्सन अशी यादी भेटते, धावडांच्या भट्टीची पाटी भेटत नाही.

गवतकाडी

वाईकर मास्तर, महत्त्वाची भर. धावडांवर स्वतंत्र धागा काढावा ही विनंती.

सायंसूर

कोटांविषयी फारच थोडे आले आहे. ते वादक होते असे धागाकर्त्यांनी लिहिले आहे, तर ते वादन आजही आहे का?

भवानीकाठ

आहे, पण त्याची जागा बदलली आहे. कोटांची निलगिरीत सात गावे आहेत. पूर्वी तोडा आणि बडगा यांच्या अंत्यविधीला कोटांचे वादन लागत असे, आणि नेमकी हीच सेवा त्यांच्या हलके लेखले जाण्याशी जोडली गेली होती. विसाव्या शतकात एकीकडे बडगांमधल्या सुधारकांनी त्यांना बोलावणे सोडले आणि दुसरीकडे शिकलेल्या कोटांनीही दुसऱ्यांच्या मयताला वाजवायला जाणे अपमानाचे ठरवले. त्यामुळे जुनी देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी तुटली. जुना_पुणेकर म्हणतात ती विषमता कोटांनी अशी स्वतःच नाकारली, हे इथे नोंदवावेसे वाटते.

आता ते वाजवतात ते स्वतःच्या देवासाठी आणि स्वतःच्या माणसांसाठी. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास अय्यनोर आणि अम्मनोर या दैवतांचा मोठा उत्सव गावोगाव होतो. मुखवीणेसारखे ‘कोळ’ हे फुंकून वाजवायचे वाद्य, वाकड्या तुताऱ्या आणि ढोल असा मेळ असतो. पांढरी वस्त्रे नेसलेले पुरुष आणि नंतर बायका गोल फेर धरून नाचतात. उत्सवात गावाबाहेरच्यांनी कुठवर यावे आणि पायांत चपला असू नयेत, हे आधीच सांगितले जाते. मडकी बायका अजूनही घडवतात, परंतु आता ती मुख्यत्वे विधीसाठी आणि थोडी विक्रीसाठी. बाजारात ती सहसा मिळत नाहीत. घ्यायचीच असतील तर तिरुचिगडी किंवा कोल्लिमलै या कोटा गावांत आधी विचारून जावे, आणि उत्सवाच्या दिवसांत व्यवहाराची गोष्ट काढू नये.